त्या मेलला अजून हात लावू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी जरा तुटकच बोलले. बाबा विचारत होते, "हा मेल खरा की खोटा, एवढंच सांग," आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून एका दमात दहा गोष्टी सांगत सुटले. बाबा "हो, हो" म्हणत राहिले. त्या "हो, हो"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून आज निवांत बसून लिहितेय. सगळं एकदम वाचू नका. छापून कॉम्प्युटरशेजारी ठेवा, अडेल तेव्हा बघा.

आधी तो मेल. तुम्ही त्याचा फोटो काढून पाठवलात, बटण दाबलं नाहीत, हे फार बरं केलंत. वर बँकेचं नाव, बँकेचंच चिन्ह, खाली "२४ तासांत खातं बंद होईल" आणि मोठं निळं बटण. बाबा, ते वरचं नाव म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःच छातीवर लावलेली पाटी. उद्या मी माझ्या खात्याला तुमचं नाव दिलं तरी मला कोणी अडवणार नाही. फोनवर त्या नावावर बोट टेकवलंत की मागचा खरा पत्ता उघडतो. त्यात ॲटच्या चिन्हापुढे काय आहे ते पाहा, आणि तेही उजवीकडून वाचा. टोकाला डॉट कॉम असेल, एखाद्या देशाची दोन अक्षरं असतील, किंवा डॉट को डॉट इन, डॉट बँक डॉट इन अशी जोडी; ती जोडी मिळून एकच टोक धरा. त्याच्या लगेच डावीकडे असतो तो घराचा मालक. तुमच्या मेलमध्ये बँकेचं नाव होतं, पण पार डावीकडे. मालकाच्या जागी भलताच शब्द होता. शिवाय अक्षरंही फसवतात. इंग्रजी आर आणि एन ही छोटी अक्षरं चिकटून बसली की फोनच्या पडद्यावर हुबेहूब एम दिसतो. चष्मा लावूनही दिसतो, मी स्वतः फसलेय.

"पण खोटं नाव लावू देतातच कसं?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जुनं आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या इंजिनियरने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पहिला मेल पाठवला आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये ते ॲटचं चिन्ह ठेवलं. तेव्हा त्या जाळ्यावर होती मोजकी संशोधक मंडळी. १९८२ मध्ये मेल पोचवायचे नियम कागदावर आले, त्यातही पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय नव्हती. पत्राच्या डोक्यावर आपण आपलाच पत्ता लिहितो, पोस्टमन तो पडताळून बघत नाही, तसंच. तपासणीच्या युक्त्या नंतर वरून बसवल्या. त्यामुळे बरेच खोटे मेल आता परस्पर स्पॅममध्ये जातात. पण लबाड माणसाने स्वतःचा पत्ता रीतसर विकत घेतला, तर तो या सगळ्या तपासण्यांतून ताठ मानेने आत येतो.

म्हणून खरा की खोटा, हे ठरवत बसूच नका. मलाही प्रत्येक वेळी ठरवता येत नाही, आणि माझं पोट या धंद्यावर आहे. मेल बंद करायचा आणि वेगळ्या वाटेने जायचं. बँकेचं ॲप स्वतः उघडा, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. काही अडचण खरोखर असेल तर ती तिथेही दिसेलच. मेलमध्ये दिलेला नंबर मात्र लावायचा नाही, तो त्याच भामट्याचा असतो.

अटॅचमेंटचंही हेच. मे २००० मध्ये "आय लव्ह यू" असा विषय लिहिलेला मेल जगभर पसरला होता. सोबतची फाइल साध्या मजकुराची वाटे, कारण नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसे. त्याच्यापुढे व्हीबीएस अशी खरी ओळख होती आणि विंडोज ती लपवत असे. तो प्रोग्राम होता. लोकांनी तो उघडला आणि तो त्यांच्याच पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना पुढे गेला. म्हणजे मेल ओळखीच्या माणसाकडूनच येत होता. माझ्या नावाने अचानक एखादी फाइल आली, तर उघडण्याआधी मला फोन करून विचारा. मला राग येणार नाही. परवा आला होता, तो वेगळ्याच कारणाने.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्हाला वाटतं, "मेलमध्ये आहे काय आमच्या? चार बिलं आणि नातेवाइकांची पत्रं." पण बाकी कुठल्याही ठिकाणचा पासवर्ड विसरलात तर नवा पासवर्ड करायची लिंक कुठे येते? मेलवर. म्हणजे घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या या एकाच खुंटीवर टांगलेल्या आहेत. मेल ज्याच्या हाती गेला, त्याला बाकीची दारं फोडायची गरजच नाही.

त्यामुळे या खात्याचा पासवर्ड वेगळा हवा, आणि लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने लिहिलेत तरी चालेल. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची जी शिस्त बाबांनी ऑफिसातून आणली ती सोडून द्या. अमेरिकेतल्या ज्या सरकारी संस्थेची पासवर्डबद्दलची नियमावली जगभर गिरवली गेली, तिनेच २०१७ मध्ये सांगितलं की ठरावीक काळाने बदलायला लावू नका. पासवर्ड चोरीला गेल्याचं कळलं तर मात्र लगेच बदला. सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात. बाबा, तुमचा सध्या कितवा चालू आहे?

आणि ती वही. दादा तुम्हाला रागावला ना, पासवर्ड वहीत लिहिता म्हणून? माझं मत त्याच्या उलट आहे. कपाटात ठेवलेली वही परदेशात बसलेल्या चोराला दिसत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही शंभर पटीने बरी. फक्त ती पिशवीत घालून बाहेर नेऊ नका.

दुसरं कुलूप म्हणजे दोन टप्प्यांची पडताळणी. पासवर्ड टाकल्यावर फोनवर "तुम्हीच आहात का?" असं विचारतात, ती. ती चालू करा. त्यातली मेख अशी की तुम्ही काहीच उघडत नसताना तो प्रश्न आला, तर कोणीतरी तुमचा पासवर्ड टाकलाय असं समजा. "नाही" दाबा आणि पासवर्ड बदला. ओटीपी फोनवर कोणाला वाचून दाखवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलो. फोन हरवला तर काय, ही आईची शंका बरोबर आहे. त्यासाठी गूगल एकदाच वापरायचे १० कोड देतं, प्रत्येक ८ आकड्यांचा. ते छापून त्याच वहीत चिकटवा.

आता एक काम जे मी तीन वर्षं टाळतेय. खातं परत मिळवण्यासाठी गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये कोणाचा नंबर दिलाय ते बघायचंय. मला दाट शंका आहे की बाबांचा जुना, बंद केलेला नंबरच तिथे आहे. बंद नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. म्हणजे तुमच्या किल्लीची एक जोड कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात असेल.

जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग नावाचं पान असतं, तेही बघू. खात्यात शिरलेला चोर कधीकधी गुपचूप एक नियम लावून ठेवतो, की येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत मला पाठव. मग पासवर्ड बदलला तरी प्रती जातच राहतात.

बाकी छोट्या गोष्टी. बाबा, टाइपरायटरमध्ये दोन कागदांमध्ये कार्बन घालायचात ना? मेलमधलं सीसी म्हणजे तीच कार्बन कॉपी. बीसीसी म्हणजे अशी कार्बन कॉपी, जी कोणाला गेली ते बाकीच्यांना दिसत नाही. सहलीच्या मंडळींना मेल पाठवाल तेव्हा सगळ्यांचे पत्ते बीसीसीत घाला. गेल्या वेळी चाळीस जणांचे पत्ते चाळीस जणांना कळले, आणि "अभिनंदन"चे चाळीस मेल सगळ्यांना गेले. चुकून पाठवलेला मेल जीमेलमध्ये मागे घेता येतो, पण फक्त ५ सेकंद. सेटिंगमध्ये जाऊन त्याचे ३० करून घ्या. आईच्या रागाला तेवढे पुरतात.

जागा भरल्याची सूचना येते तेव्हा बसून एकेक मेल पुसू नका. फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात, आणि ते बहुतेक वेळा व्हिडिओंनी भरतात. मेल पुसलात तरी ३० दिवस तो कचरापेटीत असतो, त्यामुळे चुकून गेलेला परत आणता येतो. जुने मेल फोल्डरांत लावायचा बाबांचा रविवारचा उद्योगही थांबवा, शोधायच्या चौकटीत माणसाचं नाव टाकलं की सापडतं.

आई, आता कॅलेंडर. तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने गोल करतेस ते बंद करू नकोस. पण भिंत आठवण करून देत नाही, आणि तू घराबाहेर असलीस की ती घरीच राहते. फोनमध्ये नोंद करताना फक्त "डॉक्टर" लिहू नकोस. कुठले डॉक्टर, कुठला मजला, जुने रिपोर्ट न्यायचेत का, उपाशी पोटी जायचंय का, हे खालच्या टिपणाच्या जागेत लिही. आठवण एक नको, दोन लाव: एक आदल्या संध्याकाळी, एक निघायच्या तासभर आधी. उपाशी पोटी जायचंय हे सकाळी चहा घेतल्यावर कळून काय उपयोग? वाढदिवस "दरवर्षी" म्हणून एकदाच टाक.

प्रवासाला जाल तेव्हा घड्याळाकडे लक्ष द्या. इथे माझीच फजिती सांगते. घरी बसून मी परतीचं विमान कॅलेंडरमध्ये टाकलं, संध्याकाळी ६. मी जाणार होते ते ठिकाण पूर्वेला, आपल्यापेक्षा दोन तास पुढे. कॅलेंडरने ते ६ घरच्या घड्याळाचे धरले. तिथे उतरल्यावर फोनने स्थानिक वेळ घेतली आणि तीच नोंद रात्री ८ ची दिसायला लागली. मी पावणेसहाला मजेत विमानतळावर पोचले, आणि विमान दारं बंद करून उभं होतं. तुम्हाला तेव्हा "विमान उशिरा आहे" असं सांगितलं होतं. वेळेच्या शेजारीच टाइम झोन निवडायची जागा असते, तिथे ज्या गावाहून विमान सुटणार त्याची वेळ निवडायची.

कॅलेंडरमध्ये आपोआप "तुम्हाला बक्षीस लागलंय" अशी नोंद दिसली तर घाबरू नका. कोणीतरी आमंत्रण पाठवलेलं असतं, बस. त्यावर "येणार नाही" दाबू नका, कारण तो नकार पाठवणाऱ्याकडे जातो आणि इथे जिवंत माणूस आहे हे त्याला कळतं. स्पॅम म्हणून कळवा. फक्त ओळखीच्या लोकांचीच आमंत्रणं कॅलेंडरमध्ये यावीत, अशी सेटिंगही असते.

तुमचं कॅलेंडर मला दाखवाल का? नुसतं पाहता येईल एवढंच द्या, बदलायचा हक्क देऊ नका. डॉक्टरांची तारीख कळली तर मी त्या वेळी मीटिंग ठेवणार नाही.

रविवारी सकाळी अकराला फोन करते. एकच काम करू: तो जुना नंबर काढू. तोवर त्या मेलला हात लावू नका.

तुमची,
लेक

ता. क. रविवारच्या फोनचं आमंत्रण तुमच्या कॅलेंडरवर पाठवलंय. बाबा, "हो" दाबायच्या आधी ते माझ्याच पत्त्यावरून आलंय का ते बघा. उजवीकडून.