ताईच्या ट्रान्सप्लांटबद्दल

प्रिय सम्या,

काल फोन ठेवल्यापासून ताईच डोक्यात आहे. तू म्हणालास स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, टाकल्या की त्या स्क्लेरोडर्मा बरा करतात, तर आधी तेच सांगतो, मुख्य काम त्या पेशी करतच नाहीत रे. स्क्लेरोडर्मात आपलीच इम्यून सिस्टीम आपल्यावर उलटते, ती जवळजवळ पुसून टाकायची हा इलाज, आणि ते जोरदार केमो आणि एटीजी नावाचं औषध करतं. स्टेम सेल ताईच्याच असतात, आधी इंजेक्शनं देऊन रक्तात उतरवतात, मशीनने गोळा करून गोठवतात आणि केमो झाली की सलाईनसारख्या परत चढवतात, म्हणजे रक्त पुन्हा तयार व्हायला लागतं. मधले दहा-पंधरा दिवस फार वाईट, पांढऱ्या पेशी जवळपास शून्य, साधं इन्फेक्शनसुद्धा जिवावर बेतू शकतं.

तुझ्यापासून लपवत नाही, 2014 साली युरोपातल्या ॲस्टिस ट्रायलचे निकाल आले त्यात ट्रान्सप्लांटवाल्या 79 पैकी 8 जण पहिल्या वर्षात ट्रीटमेंटमुळेच गेले. ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. पण पुढच्या वर्षांत जास्त लोक जगले ते ट्रान्सप्लांटवालेच, नुसतं सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध घेतलेल्यांपेक्षा, आणि त्यांची आजाराने कडक झालेली कातडीही सैल पडली. 2018 ला अमेरिकेतल्या स्कॉट ट्रायलमध्येही तसंच दिसलं.

मला खरी काळजी वेळेची वाटते. सौम्य आजारात एवढा धोका कोणी घेत नाही, आणि हार्ट-फुप्फुसं फार खराब झाली की शरीराला झेपत नाही. ताईची फुप्फुसं सहा महिन्यांत इतकी उतरलीत म्हणतोस, तर आता चालढकल नको. हार्ट नुसत्या इकोवर पास करू देऊ नकोस, एमआरआय आणि कॅथेटरची, म्हणजे हार्टमध्ये बारीक नळी घालून करतात ती, तपासणी करणार का विचार, कारण लपलेला हार्टचा त्रास ऐन केमोत वर येतो. आणि त्या हॉस्पिटलने अशा ऑटोइम्यून पेशंटचे किती ट्रान्सप्लांट केलेत हेही विचार, कॅन्सरचे सोडून. केमोने पाळी कायमची जाऊ शकते, मूल हवं असेल तर अंडी आधीच गोठवावी लागतील, हे तिला कोणी सांगितलंय का? नसेल तर आजच बोल.

तू पाठवलेली ती जाहिरात, एका दिवसात स्टेम सेलचं इंजेक्शन, केमो नाही, ते म्हणजे ही ट्रीटमेंट नव्हेच, तिकडे एक पैसाही भरू नका प्लीज.

ॲडमिट व्हायची तारीख कळली की लगेच कळव, मी रजा टाकतो, रात्री आळीपाळीने थांबू.

तुझाच,
नंदू