मत द्यायला बारा कागद चालतात म्हणे, पण सांगते कोण?

संपादक महोदय,

महानगरपालिकेसाठी आम्हा नागपूरकरांना २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला मत द्यायला भेटलं. संक्रांतीचा दुसरा दिवस, डोक्यावर पतंगा, रस्त्यात मांजा, तरी आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी सकाळीच तयार होऊन आल्या, म्हणे मले बी घेऊन चला. मतदार कार्ड त्यांचं घर बदलताना हरवलं, आधार मुलीकडे गावाला, म्हणून मीच म्हटलं पासबुक घ्या, चालते. चालतेच, राज्य निवडणूक आयोगाच्या यादीत कार्डाशिवाय आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, मनरेगाचं जॉबकार्ड, पेन्शनचे कागद असे बारा पुरावे आहेत, त्यात पासबुकही आहे. पण फोटो असलेलं, आणि बँक राष्ट्रीयकृत पाहिजे नाहीतर पोस्टाचं. मावशींच्या पासबुकात फोटोचा चौकोन कोराच! निराधारचे पैसे ह्याच्यातच येते ना जी, काहून नाही चालत, असं त्या मतदान केंद्रावरच्या साहेबाला विचारत होत्या. साहेब नियमानेच बोलला, त्याला दोष नाही देत, पण आधीच कोणी सांगितलं असतं तर?

आमच्या शेजारच्या काकाजींचं उलटंच झालं. खिशात कार्ड, आधार, पॅन, सगळं, आणि यादीत नावच नाही, म्हणजे त्या केंद्राच्या यादीत नाही. विधानसभेची यादी फोडून प्रभागाची करतात, नाव कधी पलीकडच्या प्रभागात जाऊन पडते. कार्ड म्हणजे तुम्ही कोण ते सांगते, मत यादीतल्या नावावर भेटते, हे शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नाही (मलाही त्याच दिवशी नीट समजलं).

उमेदवारांची माणसं मतदार चिठ्ठ्या मात्र घरोघरी देऊन गेली, कोणाकोणाकडे चार-चार वेळा. ती चिठ्ठी बारा पुराव्यांत नाही, पण लोकं तीच घेऊन रांगेत उभे. त्याच चिठ्ठीच्या मागे बारा कागदांची नावं छापायला किती खर्च येते? नाहीतर रेशन दुकानात आणि बँकेत एक मोठा कागद लावा मराठीत, लोकं तिथे दर महिन्याला जातातच, वेबसाईट कोण पाहते.

मावशींनी नंतर पासबुकात फोटो लावून घेतला, बँकेच्या शिक्क्यासाठी दोन चकरा झाल्या. पुढच्या निवडणुकीपर्यंत ते पासबुक भरून नवीन आलं तर पुन्हा तोच कोरा चौकोन.

एक मतदार, मानेवाडा, नागपूर