जुना सॅटेलाइट फोन घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लडाख, स्पिती, कैलास-मानसरोवर किंवा नेपाळमधील ट्रेकसाठी सोलापुरातून निघणाऱ्या गटांत जुना सॅटेलाइट फोन विकत घ्यावा का, अशी चर्चा हल्ली वरचेवर कानी येते. ‘आखातातून आणलाय, फारसा वापरलेला नाही, डब्यासकट देतो,’ एवढ्या बोलीवर व्यवहार ठरतो. मोबाइलची रेंज संपते तिथे हाताशी काहीतरी असावे, ही काळजी रास्तच आहे. पण इथे पहिला प्रश्न किमतीचा नसून कायद्याचा आहे आणि विकणारा नेमका तोच सांगत नाही.

आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरतो. ‘बंद होता, बॅगेत पडून होता’ ही सबब चालत नाही. वायरलेस यंत्र बाळगण्यावर परवान्याची अट १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आहे आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन वापरल्यानंतर तपासणी फार कडक झाली. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन पर्यटक महिलेवर कारवाई झाली, ती गार्मिनच्या तळहाताएवढ्या इनरीच यंत्रामुळे. त्यावर बोलताही येत नाही, फक्त संदेश जातात. पण ते इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांवर चालते, म्हणून तेही त्याच नियमात आले. भारतात रीतसर मार्ग आहे तो इनमारसॅट या उपग्रह कंपनीच्या फोनचा. ही सेवा बीएसएनएल २०१७ पासून देते आणि त्यासाठीही दूरसंचार विभागाची परवानगी लागते. आधीच्या मालकाच्या नावची परवानगी हँडसेटसोबत आपल्याकडे येत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

त्यामुळे पुढचे सगळे दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: ज्यांच्या संस्थेकडे अशी परवानगी आहे ते, आणि जिथे हा फोन कायद्याने चालतो अशा देशात जाऊन तिथेच घेणारे किंवा भाड्याने वापरणारे. नेपाळमध्येही परवाना लागतो, हे निघण्याआधीच पाहावे.

स्वस्त मिळतो म्हणून कुठलाही फोन उचलू नये. थुरायाचा पूर्वेकडचा उपग्रह, थुराया-३, एप्रिल २०२४ मध्ये बिघडला आणि ऑस्ट्रेलिया-जपानकडची सेवा गेली. त्या भागातून विकायला आलेला हँडसेट दिसायला कोरा असला तरी तिथे तो निरुपयोगी आहे. ग्लोबलस्टारच्या फोनला आपण उभे आहोत त्या टापूत कंपनीचे भू-केंद्र लागते. ते नसेल तर डोक्यावर उपग्रह असूनही फोन मुका राहतो. इरिडियमचे ६६ उपग्रहांचे जाळे साधारण ७८० किलोमीटरवरून फिरते, त्यामुळे तो ध्रुवापर्यंत चालतो. इनमारसॅटचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, आपल्याला एकाच जागी दिसेल असा असतो.

पैसे देण्यापूर्वी बॅटरी काढून आतल्या स्टिकरवरचा पंधरा अंकी आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) आणि पडद्यावरचा आयएमईआय ताडून पाहावा. तोच क्रमांक सेवा देणाऱ्या कंपनीला कळवून फोन चोरीचा किंवा बंद केलेला नाही ना, हे विचारावे. सोबत मिळणाऱ्या सिमची किंमत शून्य धरावी. प्रीपेड सिम मुदतीत रिचार्ज झाले नाही की नंबर रद्द होतो. जुन्या सिमचा पिन अंदाजाने टाकू नये. तीन चुका झाल्या की पीयूके (अडकलेले सिम उघडण्याचा क्रमांक) मागितला जातो आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचे गेले.

खरी फसगत होते ती बॅटरीत. ती काढून काचेवर आडवी ठेवावी आणि बोटाने फिरवावी. भोवऱ्यासारखी गरकन फिरली तर पोट फुगले आहे, अशी बॅटरी घेऊ नये. सपाट बसली तर फोनमध्ये घालून पूर्ण चार्ज करावी, फोन उघड्यावर रात्रभर चालू ठेवून सकाळी किती उरली ते बघावे. इनमारसॅटचा नवा आयसॅटफोन-२ सुमारे १६० तास स्टँडबाय आणि ८ तास बोलणे देतो. एका रात्रीत निम्मी उतरणारी बॅटरी बर्फात नेण्याच्या लायकीची नाही. सीलबंद पाकिटातली ‘नवीन’ बॅटरीही पाच-सात वर्षे पडून असू शकते, उत्पादनाची तारीख वाचावी. फोन कपाटात ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असावी. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तो गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नये. थंडीत उलटे होते: शून्याखाली लिथियमची बॅटरी चार्ज केली तर आतून कायमची खराब होते. ती स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी, अंगाच्या उबेने गरम झाली की मगच चार्जिंगला लावावी.

दुसरी दुखरी जागा अँटेना. ती बिजागरीवर वळते आणि तिच्यातून जाणारी बारीक केबल वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटते. मोकळ्या आकाशाखाली सिग्नल पूर्ण आला की अँटेना हलकेच थोडी डावी-उजवी हलवावी. पडद्यावरच्या सिग्नलच्या दांड्या एकदम खाली आल्या तर दोष तिथेच आहे. चार्जिंगचा सॉकेट, बॅटरीच्या पट्टीवरचा हिरवा गंज, कानाजवळच्या जाळीतली धूळ ही कामे नवी पेठेतला चांगला मोबाइल कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोलने करून देईल. अँटेना आणि रेडिओचा बोर्ड मात्र त्याच्या हातात देऊ नये. सॉकेटवरचे रबरी झाकण उन्हाने कडक झाले असेल तर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द विसरावा.

फोन चालू केला आणि ‘सर्चिंग’च दाखवत राहिला की लोक तो बिघडला म्हणतात. बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. इनमारसॅट आणि थुरायाच्या फोनला आधी जीपीएसवरून स्वतःची जागा कळावी लागते, मग तो नोंदणी करतो. महिनोन् महिने बंद असलेल्या फोनला जीपीएस उपग्रहांचे वेळापत्रक नव्याने उतरवून घ्यावे लागते आणि ते पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून अँटेना उभी करून मोकळ्या जागी पंधरा-वीस मिनिटे न हलता थांबावे. दर दोन मिनिटांनी बंद-चालू केले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तारीख वीसेक वर्षे मागची दिसली तर सॉफ्टवेअर जुने आहे. अपडेट घरूनच, बॅटरी भरून करावे.

भारतातून इनमारसॅटचा उपग्रह दक्षिणेच्या बाजूला असतो. तंबूच्या दक्षिणेला उंच कडा असेल तर तिथे कितीही वेळ उभे राहून उपयोग नाही; दरीच्या उत्तरेकडच्या उतारावर गेले की तोच फोन लागतो. इरिडियमचे उपग्रह सरकते असल्याने अरुंद घळीत कॉल तुटला तर पाच-सात मिनिटे थांबून पुन्हा लावावा. पावसाचा या लहरींवर फारसा परिणाम होत नाही. दाट ओली झाडी आणि पत्र्याचे छत यांचा होतो.

सिग्नल पूर्ण आहे आणि तरी कॉल जात नाही, तर शिल्लक आणि नंबर तपासावा. देशाचा क्रमांक लावल्याशिवाय कॉल जात नाही: सोलापूरच्या लँडलाइनसाठी ०२१७ नव्हे, तर ००-९१-२१७ आणि पुढे नंबर. ११२ लागेलच असे धरू नये. बचाव पथकाचा पूर्ण नंबर आधीच साठवून ठेवावा. इनमारसॅटवर आवाज पोचायला पाव सेकंद लागतो, म्हणून एक वाक्य बोलून थांबावे. एसएमएस रोमन लिपीत लिहावा. देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हेच बसतात, काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात आणि पुष्कळ जुन्या हँडसेटवर समोर नुसते चौकोन दिसतात.

देशातल्या देशात फिरणाऱ्यांना यातले काहीच लागत नाही. लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये आपल्याकडचे प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून गटातल्या किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे पोस्टपेड असावे. रोजचा मुक्काम आणि ‘अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे’ हे कागदावर लिहून घरी द्यावे.

आपल्या वृत्तपत्राच्या पर्यटन पानावर परवानगीची ही बाब चौकटीत छापावी आणि सहल नेणाऱ्या संयोजकांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत प्रत्येकाला ‘सॅटेलाइट फोन किंवा इनरीच आहे का’ असे थेट विचारावे, ही विनंती. ज्यांनी असा फोन आधीच घेतला आहे त्यांनी तो चालू करून पाहू नये, कुरिअरने पाठवू नये, पुढे विकू तर नयेच. दूरसंचार विभागाला लेखी कळवून पुढे काय करायचे ते विचारावे.

आपला,
एक गिरिभ्रमणप्रेमी वाचक,
जुळे सोलापूर