तू ठेवलेलं माझं पत्र

रॉकव्हिल, मेरीलँड
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

काल सकाळी चहा गाळताना मोबाइल वाजला, उघडून बघतो तर माझंच अक्षर. निळी शाई, कोपऱ्यात जून २००५, आणि तू लाल पेनाने खूण केलेलं, सिनेटबद्दलचं, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाबद्दलचं वाक्य: ‘६० मतांची अट हा सिनेटचा कणा आहे, तो मोडला तर हा डोलारा उभा राहायचा नाही.’ खाली तुझा शेरा: ‘मग २०१३ साली फोनवर पेढे मागत होतास ते कशाचे? आरोपीने खुलासा करावा.’ वकिलाला कधी कागद देऊ नये असं आमचे अण्णा म्हणायचे. वीस वर्षांपूर्वीचं पत्र तू जपून ठेवलंस याचा आनंद मानू की धसका घेऊ, ते अजून ठरत नाही.

खुलासा करतो. पण त्याआधी, डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकरने भाषण लांबवून विधेयक अडवलं असं तुझ्या बाररूममध्ये तू जे सांगितलंस ते दुरुस्त कर. कोरी बुकर २५ तास ५ मिनिटं बोलला हे खरं, पण त्याने कुठलंही विधेयक अडवलं नाही. तो निषेध होता, एक दिवसाचं काम लांबलं एवढंच. खऱ्या फिलिबस्टरला, म्हणजे चर्चा संपू न देता काम अडवण्याला, हल्ली तोंड उघडावं लागत नाही. तुला वाटतं कुणीतरी बाजीप्रभूंसारखा खिंडीत उभा असतो. तसं काही नाही. खिंडीच्या तोंडाशी ‘रस्ता बंद’ अशी पाटी लावायची आणि घरी जाऊन झोपायचं. चर्चा संपवून मतदान घ्यायचं तर १०० पैकी ६० जण लागतात. ४१ जण गप्प बसून राहिले तरी काम अडतं. तू तारीख मागताना निदान अर्ज तरी देतोस, इथे तेवढंही नाही.

ही व्यवस्था कुणी विचार करून बसवली असेल असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. राज्यघटनेत तिचा उल्लेखही नाही. १८०५ साली उपाध्यक्ष एरन बर निवृत्त होताना सिनेटला म्हणाला, तुमचं नियमांचं पुस्तक फार वाढलंय, जरा छाटा. (हा बर म्हणजे आदल्याच वर्षी देशाच्या पहिल्या अर्थमंत्र्याला, हॅमिल्टनला, द्वंद्वात गोळी घातलेला. खुनाचा आरोप डोक्यावर असताना सभागृहाचं पीठासीनपद सांभाळत होता.) पुढच्या वर्षी छाटणी झाली, आणि त्यात चर्चा थांबवून मत घ्यायला लावणारा नियमही गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. घर आवरताना रद्दीबरोबर किल्ली गेली तसं. पुढे १९१७ साली दोन तृतीयांश मतांनी चर्चा बंद करायची सोय झाली, तिला क्लोचर म्हणतात. १९७५ साली ते प्रमाण ६० वर आलं. फिलिबस्टर हा शब्द मुळात समुद्री लुटारूंसाठी होता, हे तुझ्या कामाला येईल.

आता कबुली. २००५ च्या पत्रात मी कणा वगैरे लिहिलं, पण या कण्याने शंभर वर्षं काय केलं ते गाळलं. माहीत नव्हतं असं नाही. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी याच हत्याराने काळ्या लोकांच्या हक्कांचे कायदे पाडले, लिंचिंगविरोधी विधेयकंसुद्धा. १९६४ चा नागरी हक्क कायदा कामकाजाचे ६० दिवस अडकला होता. १० जूनला क्लोचरचं मतदान झालं तेव्हा कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. मेंदूत गाठ, वाचा गेलेली. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं. इंग्रजीत डोळ्यालाही ‘आय’ आणि होकारालाही ‘आय’. त्यांचं मत धरलं गेलं, ७१ विरुद्ध २९. पुढच्याच महिन्यात ते गेले. हे वाचून मी गप्प बसलो होतो. आणि तरीही वर्षा-दोन वर्षांनी तुला ते पत्र लिहिलं.

कारण तेव्हा रिपब्लिकन बुश अध्यक्ष होते, आणि अडवणारे डेमोक्रॅट, म्हणजे ‘आपले’ होते.

न्यायाधीशांवरून एवढी हाणामारी का, हे तुला एका आकड्यात समजेल. तुमचे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५ ला घरी जातात. इथल्या संघीय न्यायालयांत वयाची अटच नाही. एमी कोनी बॅरेट सर्वोच्च न्यायालयात नेमल्या गेल्या तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या. तीस वर्षं सहज बसतील, तोवर सात-आठ निवडणुका होऊन जातील. अध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट संमती देते, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. त्यामुळे हल्ली अर्जदाराची विद्वत्ता कमी आणि जन्मतारीख जास्त बघतात, असं मला वाटायला लागलंय.

तर २००३. सिनेट रिपब्लिकनांकडे, पण ६० नाहीत. मिगेल एस्त्रादा नावाचा माणूस, होंडुरासहून १७ व्या वर्षी इथे आलेला, हार्वर्डचा वकील. बुशनी त्याचं नाव वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासाठी दिलं. हे न्यायालय सर्वोच्चच्या खालोखाल वजनाचं, सरकारी खात्यांच्या नियमांवरची भांडणं तिथेच येतात. डेमोक्रॅट म्हणाले, हा मतं सांगत नाही, जुनी टिपणं देत नाही. सात वेळा क्लोचरचा ठराव आला, सात वेळा पडला. ५५ पर्यंत मतं जायची, ६० होईनात. सप्टेंबरमध्ये त्याने नाव मागे घेतलं. नंतर डेमोक्रॅटांच्या कचेऱ्यांतले आतले कागद बाहेर फुटले. त्यात म्हटलं होतं की हा विशेष धोकादायक, कारण लॅटिनो आहे आणि पुढे याला सर्वोच्च न्यायालयात बसवायचा बेत दिसतो. ते वाचून मला लाज वाटली. पण ती तुला कळवण्याएवढी नव्हती.

याच एस्त्रादाने २०१० साली सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या एलेना केगनसाठी सिनेटला शिफारसपत्र लिहिलं. ती डेमोक्रॅटांची उमेदवार आणि याची हार्वर्डमधली वर्गमैत्रीण. तिलाही १९९९ मध्ये क्लिंटननी त्याच अपील न्यायालयासाठी सुचवलं होतं, आणि रिपब्लिकनांनी साधी सुनावणीसुद्धा दिली नव्हती. ज्या दारात दोघांनी मार खाल्ला, त्या दारावरून दोघांची दोस्ती तुटली नाही. या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेली माणसं ही दोनच.

नोव्हेंबर २००३ मध्ये या अडवणुकीच्या निषेधात रिपब्लिकनांनी सभागृह सलग ३९ तासांच्या वर चालू ठेवलं होतं. झोपायला खाटा आणलेल्या, त्यांचे फोटो सगळीकडे. तेव्हा मी रात्री दोनला उठून सी-स्पॅन, म्हणजे संसदेचं कामकाज दाखवणारी वाहिनी, लावायचो, मीनाक्षी म्हणायची, आपल्याकडे क्रिकेटसाठी उठतात. २००५ च्या मे महिन्यात तर प्रकरण हातघाईवर आलं. रिपब्लिकन म्हणाले, आम्ही साध्या बहुमताने नियमच फिरवतो. याला सगळे अणुबॉम्ब म्हणायला लागले, ‘न्यूक्लिअर ऑप्शन’. त्या आठवड्यात मी सुट्टी टाकून सिनेटच्या गॅलरीत जाऊन बसलो. खाली एक गृहस्थ हातवारे करून बोलत होते आणि समोर रिकाम्या खुर्च्या. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली, चहा-बिस्किटं संपल्यावरची.

२३ मेच्या संध्याकाळी १४ सिनेटरांनी तोडगा काढला, सात इकडचे, सात तिकडचे. मॅककेन त्यांत होते, ८७ वर्षांचे रॉबर्ट बर्डही. त्यातलं गणित बघ, तुला आवडेल. रिपब्लिकन ५५, त्यातले सात फुटले की ४८, नियम फिरवता येत नाही. विरोधक ४५, सात फुटले की ३८, फिलिबस्टर टिकवता येत नाही. दोघांच्याही बंदुकीतली गोळी काढून घेतली. काही न्यायाधीश मंजूर झाले, काही वगळले, आणि पुढे ‘असाधारण परिस्थितीतच’ अडवायचं असं ठरलं. असाधारण म्हणजे काय, ते ज्याने त्याने ठरवायचं. तू असा करारनामा पक्षकाराला करू दिला नसतास. मला मात्र भरून आलं, आणि घरी येऊन मी तुला ते ‘कणा’वालं पत्र लिहिलं.

आता पेढे. २०१३ साली ओबामा अध्यक्ष, सिनेट डेमोक्रॅटांकडे, आणि त्याच अपील न्यायालयाच्या तीन जागा रिकाम्या. रिपब्लिकन म्हणाले, तिथे काम कमी आहे, जागाच कमी करा. तिन्ही नावं अडली. २१ नोव्हेंबरला डेमोक्रॅटांचे सिनेटमधले नेते हॅरी रीड यांनी जे केलं ते तुझ्या धंद्यातलं आहे, म्हणून नीट सांगतो. त्यांनी हरकतीचा मुद्दा काढला की सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी नेमणुकांना क्लोचर साध्या बहुमताने होतो. तेव्हा पीठासीन असलेले पॅट्रिक लेही त्यांच्याच पक्षाचे, पण त्यांनी प्रामाणिकपणे निर्णय दिला: नाही, ६० लागतात. रीडनी त्या निर्णयावर सभागृहाकडे अपील केलं आणि ५२ विरुद्ध ४८ मतांनी निर्णय फिरवला. नियमाचा कागद तसाच राहिला, दत्ता! आजही २२ व्या नियमात तीन पंचमांशच लिहिलंय. सभागृहाने फक्त ठरवलं की तीन पंचमांश म्हणजे निम्म्याहून एक जास्त. २००५ मध्ये रीड या प्रकाराला घातक म्हणत होते आणि रिपब्लिकन सिनेटर मॅककॉनेल त्याचं समर्थन करत होते. २०१३ मध्ये दोघांनी भाषणांची अदलाबदल केली. ओबामांचंही तेच, सिनेटर असताना विरोध, अध्यक्ष झाल्यावर पाठिंबा.

आणि माझंही. त्या रात्री मी तुला फोन केला, तुझ्याकडे पहाट होती, आणि पेढे मागितले. मॅककॉनेल भर सभागृहात म्हणाले होते, तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल, आणि तुम्हाला वाटतं त्याहून लवकर. मी हसलो होतो.

पुढचं तुला ठाऊक आहे. २०१४ मध्ये सिनेट रिपब्लिकनांकडे गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया वारले, ओबामांनी मेरिक गार्लंडचं नाव दिलं, ते २९३ दिवस तसंच पडून राहिलं. निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू दे, असं कारण. एप्रिल २०१७ मध्ये मॅककॉनेलनी रीडचीच युक्ती सर्वोच्च न्यायालयाला लावली, मतंसुद्धा तीच, ५२-४८, आणि नील गॉर्सच न्यायमूर्ती झाले. २०२० मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या तेव्हा निवडणुकीला सात आठवडे उरले होते. तेव्हा मात्र लोकांना ठरवू द्यायची गरज कुणाला वाटली नाही, बॅरेट मतदानाच्या आठ दिवस आधी मंजूर झाल्या. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा निकाल आला. स्कालियांना १९८६ साली ९८ विरुद्ध ० मतं पडली होती, हे आज सांगितलं तर पोरं थट्टा समजतात.

सगळं रीडच्या माथी मारू नकोस. बॉम्ब त्यांनी आधी टाकला नसता तर २०१७ मध्ये मॅककॉनेलनी टाकलाच असता, असं माझं मत आहे. पण त्याला पुरावा नाही, आणि तू लगेच विचारशील, म्हणून तिथेच थांबतो. ट्रम्पनी पहिल्या चार वर्षांत २३४ न्यायाधीश नेमले, बायडेननी चार वर्षांत २३५. म्हणजे यंत्र दोघांनाही सारखंच मानवलं.

आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, यावर तू न्यायाधीश नेमणूक आयोग रद्द करणाऱ्या २०१५ च्या निकालानंतर चार पानी पत्र लिहिलं होतंस. तेव्हा मी तुला इथल्या खुल्या सुनावण्यांचं कौतुक ऐकवलं. ते अर्धंमुर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो, कारण इथे निदान भांडण दिसतं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लांबलं. न्यायाधीशांच्या बाबतीत ६० ची अट गेली, पण कायद्यांसाठी अजून आहे. (अंदाजपत्रकाची वाट वेगळी, तिथे साधं बहुमत चालतं.) २०२२ मध्ये मतदानहक्काच्या विधेयकासाठी ती काढायचा प्रयत्न झाला. जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा या दोन डेमोक्रॅट सिनेटरांनी स्वपक्षाला साथ दिली नाही, तेव्हा मी आठवडाभर घरात त्यांच्या नावाने खडे फोडत होतो. आमची सई तेव्हापासून म्हणते, ही अट मुळासकट उपटा, लोकांनी निवडून दिलंय त्यांना राज्य करू द्या, चुकले तर पाडा. गेल्या रविवारी वरणभात वाढताना तिने तोच विषय काढला आणि मी ताडकन म्हणालो, ‘नको, राहू दे. आता रिपब्लिकनांकडे ५३ आहेत.’ तिने वाटी खाली ठेवली आणि विचारलं, ‘बाबा, मग तुमचा नियम कुठला?’ मला उत्तर आलं नाही. मी आमटी मागितली. आणि सहा दिवसांनी तुझा फोटो.

दोघांनी मिळून कट केलात की काय? कारण प्रश्न एकच आहे. माझा खुलासा एवढाच की २००५ मध्ये, २०१३ मध्ये आणि गेल्या रविवारी मी नियमाकडे बघितलंच नाही, तो कुणाच्या हातात आहे ते बघितलं. आणि अजूनही, हे लिहिताना, मला ती अट राहावी असं वाटतंय. आरोप मान्य, सुधारणेची हमी नाही.

डिसेंबरात येतोय, तिकिटं काढली. मेणवलीच्या घाटावर एक संध्याकाळ ठेव. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. वहिनींना सांग, मेतकूट संपत आलंय.

तुझा,
विनू

ता. क. तुझा मूळ प्रश्न राहिलाच, की माणूस २५ तास लघवीला कसा गेला नाही. बुकरने आधी काही दिवस अन्न आणि आदल्या रात्रीपासून पाणी बंद केलं होतं, असं त्याने स्वतः सांगितलं. खुर्चीही काढून ठेवायला लावली होती, बसायचा मोह नको म्हणून. त्याने ज्याचा विक्रम मोडला तो स्ट्रॉम थर्मंड १९५७ साली नागरी हक्कांच्या विरोधात २४ तास १८ मिनिटं बोलला. तो आधी वाफेच्या खोलीत बसून अंगातलं पाणी काढून आला होता. त्याचं भाषण संपलं आणि काही तासांत विधेयक मंजूर झालं.