मालदीवची पोरं आळशी नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मालदीवच्या तरुणांवरचा लेख काल दोनदा वाचला. ‘तिथल्या पोरांना कष्टाची सवयच नाही, म्हणून रिसॉर्टमधल्या नोकऱ्या बाहेरचे लोक घेऊन जातात’ हे वाक्य आपणच चुकीचं वाचलं की काय, असं वाटलं म्हणून दुसऱ्यांदा वाचला. वाक्य तेच होतं. लेखक तिथे पाच दिवस राहून आले असं लेखाखाली छापलं आहे. मी सहा वर्षं राहिले. २००६ ते २०१२, एका लहानशा बेटावरच्या शाळेत अकाउंट्स शिकवत. रात्रभर झोप आली नाही, म्हणून सकाळी उठून आधी हे पत्र लिहायला घेतलं.

बेटाची वस्ती आठशे. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पंधरा मिनिटं. माझ्या पहिल्या दहावीच्या वर्गात अकरा मुलं होती. त्यातल्या एका मुलीला नर्स व्हायचं होतं. तिची आजी बाळंतपणं करायची आणि हेल्थ सेंटरमधल्या केरळी नर्सच्या मागे मागे ही शाळा सुटल्यावर फिरत असायची. पण आमच्या शाळेत सायन्स नव्हतंच. प्रयोगशाळा नाही, फिजिक्सला शिक्षक नाही, अकरा मुलांसाठी दोन शाखा कोण चालवणार? सगळ्यांनी कॉमर्सच घ्यायचं. नर्स व्हायला निघालेल्या पोरीला मी ट्रायल बॅलन्स जुळवायला शिकवत होते. वीज गेली की ती धक्क्यावरच्या जोलीत जाऊन बसायची. जोली म्हणजे लोखंडी सांगाड्यावर दोरी विणून केलेली खुर्ची, तिथे बेटोबेटी दिसते. मोबाइलच्या उजेडात मांडीवर वही घेऊन गणितं करायची आणि अडलं की तिथूनच माझ्या खिडकीकडे बघून हाक मारायची. केंब्रिजच्या ओ लेव्हलला, म्हणजे दहावीच्या परीक्षेत, तिला अकाउंट्समध्ये ‘ए’ मिळाला. ही आळशी?

पुढची अकरावी-बारावी आमच्या बेटावर नव्हती. त्यासाठी राजधानीला, मालेला जायचं, रात्रभर बोटीने. दोनेक चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर तेव्हाच लाखावर माणसं राहत होती. ती मावशीकडे राहिली. दोन खोल्या, माणसं नऊ. झोपायच्या पाळ्या लावलेल्या. राहायला जागा दिली म्हणून सकाळी रोशी म्हणजे तिथल्या चपात्या लाटायच्या, मास हुनीसाठी, म्हणजे मासळी-नारळाच्या न्याहारीसाठी, नारळ खवायचा, शाळेतून आली की मावशीची दोन लहान मुलं सांभाळायची. सातव्या महिन्यात परत आली. मी धक्क्यावर उभी होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वह्या. वरची वही मी उघडून पाहिली तर पाच पानं भरलेली, बाकी कोरी. “मिस, वही उघडायला जागा नव्हती,” एवढंच म्हणाली. मावशीबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही.

रात्री आमच्या किनाऱ्यावरून शेजारच्या रिसॉर्टचे दिवे दिसायचे. तिथे रिसेप्शनवर मुली हव्या होत्या. वडील नको म्हणाले. त्यांना दोष देण्याआधी तिथली रीत समजून घ्या. रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं वेगळं बेट. काम करणाऱ्याने तिथेच राहायचं, रजा मिळेल तेव्हा घरी यायचं. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आणि रिसॉर्टवर ती सर्रास. एकोणीस वर्षांच्या मुलीला अशा ठिकाणी मुक्कामाला धाडायला आपल्याकडचे किती बाप तयार होतील? मुलगे गेले. त्यांची रड वेगळी. चार-चार वर्षं बोटीवर नाहीतर लाँड्रीत काढायची आणि वरच्या जागेवर बाहेरून अनुभवी माणूस आणून बसवलेला बघायचा. तो येतो दोन वर्षांच्या करारावर, वर्षातून एकदा घरी जातो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. इथल्या पोराचे आईबाप पलीकडच्याच बेटावर आजारी असतात आणि परतायला संध्याकाळची बोट नसते. असा मुलगा नोकरी सोडतो तेव्हा तुमचे लेखक म्हणतात, कष्ट नकोत.

मी चिपळूणची. माझे दोन्ही काका मुंबईला गिरणीत होते, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. गावात काही नव्हतं म्हणून गेले. गावात राहिलेल्यांना कुणी आळशी म्हटलं नाही आणि काकांनाही तिकडे राहण्याची हौस नव्हती.

त्या पोरांना घरून जाऊन-येऊन शिकता आणि कमावता आलं पाहिजे. माझं एवढंच म्हणणं आहे आणि हे होऊ शकतं, मी पाहिलं आहे. १९७२ साली तिथे पहिलं रिसॉर्ट झालं, तेव्हापासून पर्यटन रिकाम्या बेटांवर आणि माणसं दुसऱ्या बेटांवर अशीच विभागणी होती. २०१०च्या आसपास लोकांना आपल्या राहत्या बेटावर गेस्टहाउस काढायची मोकळीक मिळाली. त्याच अकरातला एक मुलगा, रिसॉर्टमधून तीन महिन्यांत पळून आलेला, आज शेजारच्या बेटावरच्या गेस्टहाउसचे हिशेब बघतो आणि रात्री जेवायला घरी असतो. विद्यापीठाची केंद्रंही आता मालेबाहेर आहेत, कुळुधुफ्फुशीला, लामूच्या गनला, थिनाधूला, हिताधूला. २०१९पासून पहिली पदवी सरकार फुकट देतं. हे सगळं चांगलंच झालं. पण पदवी फुकट झाली तरी तिथवर पोचावं लागतं आणि माझी ती विद्यार्थिनी अडकली ती त्याच्या आधीच्या पायरीवर. प्रत्येक बेटावर नाही तर निदान तीन-चार बेटांत मिळून एक बारावीपर्यंतची शाळा, तिथे सायन्सची प्रयोगशाळा आणि सकाळ-संध्याकाळ वेळेवर सुटणारी बोट एवढं तरी हवं. पाच लाखांच्या देशात २०२४ साली वीस लाखांवर पर्यटक आले. पैसा नाही असं कोण म्हणेल?

ती मुलगी नर्स झाली नाही. बेटावरच्या बालवाडीत शिकवते. दर ईदला तिचा मेसेज येतो.

आणखी एक. ‘परदेशात शिक्षक पाहिजेत’ अशा जाहिराती तुमच्याकडे अजून छापून येतात. मी अशीच एक जाहिरात वाचून गेले होते. एजंटाने दोन महिन्यांचा पगार कमिशन म्हणून आगाऊ घेतला आणि शाळा मालेपासून अर्ध्या तासावर आहे असं सांगितलं. रात्रभर बोटीत ओकत मी सकाळी पोचले तेव्हा कळलं. शाळा सोन्यासारखी निघाली, पण माझ्याबरोबर गेलेल्या दुसऱ्या बाईंना शाळाच मिळाली नाही, पंधरा दिवसांत परत यावं लागलं आणि पैसे बुडाले ते बुडालेच. जाहिरात घेताना शाळेचं आणि बेटाचं नाव, पगार आणि कराराची मुदत तेवढी छापायला लावा. पुढच्या बाईला नकाशात बघता तरी येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण