मलावीच्या नेटबॉल संघाकडून डॉक्टरकाकांना

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

हे असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, कोंबडीची पिल्लं किती जगली ते सांग" म्हणून विषयच बदलता. इथे तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. तुम्ही पशुसंवर्धन खात्यातले जनावरांचे डॉक्टर. माझ्या नवऱ्याच्या साखर कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही आफ्रिकेतल्या मलावीत, सरोवराच्या काठच्या न्खोटाकोटा जिल्ह्यात राहतो. इथे बायकांचा खेळ म्हणजे नेटबॉल, बास्केटबॉलसारखा उंच कडीत चेंडू टाकायचा. आपल्याकडे गावोगाव कबड्डी असते तसा. 2019 च्या विश्वचषकात या छोट्या देशाचा संघ सहावा आला होता. म्वाय कुम्वेंडा ही खेळाडू तर इथून पार ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संघात जाऊन खेळली. पण खेड्यातल्या संघाला विचारतो कोण? चार पैसे देणारा कुणी भेटलाच तर ते पुरुषांच्या फुटबॉलकडे जातात. बायकांना चेंडू शाळेकडून उसना मागावा लागायचा आणि बाहेरगावच्या सामन्याला जायचं तर भाड्याच्या पिकअपचे, म्हणजे 'मटोला'चे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असायचा.

कोंबड्या पाळून संघाचा खर्च भागवायची कल्पना बायकांचीच. इथे गाईगुरं पुरुषांची, शेळीही बहुधा त्यांचीच. कोंबडी विकायचीही घरात कानावर घालावी लागते, पण तिच्यावरून कुणी पंचायत बसवत नाही. अडचण एकच होती, चिटोपा नावाचा कोंबड्यांचा रोग. पावसाआधीच्या तापलेल्या, कोरड्या महिन्यांत तो यायचा आणि नाताळात चांगल्या भावाने विकायच्या कोंबड्या त्याआधीच मरून जायच्या. हिरवट हगवण, लुळे पंख आणि मागे पिळवटलेली मान. मी फोटो पाठवला आणि तुमचा निरोप आला, "अगं, ही आपली मानमोडी. राणीखेत."

त्या निरोपातलं पुढचं वाक्य मी विसरणार नाही. "मी तुला लस सांगणार नाही. तिकडच्या पशुवैद्यकीय माणसाला जाऊन विचार, त्याला तिथली हवा माहीत आहे." पशुसंवर्धन खात्यात जन्म घालवलेल्या माणसाने हे म्हणावं याचं मला आजही अप्रूप वाटतं. तुमच्या हाताखालून गेलेल्या लासोटा नि आर-टू-बी या लशी फ्रीजबाहेर टिकायच्या नाहीत. इथे चालते ती आय-टू, उन्हाळ्याला बऱ्यापैकी दाद न देणारी. ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीतून गावात नेतात आणि डोळ्यात एक थेंब टाकतात. दर चार महिन्यांनी पुन्हा. इथल्या पशुवैद्यकीय माणसानेच हे सगळं शिकवलं, पण त्याच्या दारात आम्हाला तुम्ही पाठवलंत.

मग तुम्ही विचारलंत, एका बाटलीत डोस किती? शेकड्यांनी. आणि एका घरात कोंबड्या किती? आठ-दहा. बाटली एकदा कालवली की लवकर संपवावी लागते, म्हणजे सगळं गाव एकाच सकाळी हवं. कुठलीही योजना इथेच अडते असं तुम्ही म्हणालात आणि लगेच पुढे, "पण तुमच्याकडे संघ आहे की!"

तिथे गाडं रुळावर आलं. सामन्याला सगळ्यांना वेळेवर गोळा करणाऱ्या बायकाच त्या. लसीच्या आदल्या संध्याकाळी त्या घरोघर सांगून येतात, "उद्या कोंबड्या सोडू नका." उजाडायच्या आत दोघी-दोघी निघतात. एक जण खुराड्यातून कोंबडी काढते, डाव्या काखेत धरते, मान आडवी करते. दुसरी थेंब सोडते आणि कोंबडीने डोळा मिटेपर्यंत थांबते. मिटला नाही तर थेंब घरंगळून खाली जातो, हे आता लहान पोरींनाही कळतं. संघाबाहेरच्या घरांकडून कोंबडीमागे थोडे पैसे घेतात. ती संघाची पहिली कमाई. आधी खेळासाठी कोंबड्या हव्या होत्या, पण कोंबड्या जगल्या त्या या खेळाच्या शिस्तीवर.

दुसरा तुमचा आग्रह 'अर्धली'चा. मी एका मोठ्या शेडचा आराखडा पाठवला होता, त्यावर तुम्ही फक्त "राखण कोण करणार?" एवढंच विचारलंत. आता प्रत्येक खेळाडूच्या घरी संघाची एक कोंबडी असते. तिची पिल्लं वाढवून विकली की निम्मे पैसे त्या खेळाडूचे, निम्मे संघाच्या पेटीत. पेटीला तीन कुलुपं, किल्ल्या तिघींकडे. बायकांना सरकारी केंद्रातली काळी मिकोलोंग्वे जात हवी होती, अंडी जास्त म्हणून. तुम्ही विचारलंत, खाते किती, अंड्यांवर बसते का, घारीला ओळखते का? कर्णधार बराच वेळ हसत होती. तिची आजीही अशाच चौकश्या करायची म्हणे. शेवटी गावठीच ठेवली. मक्याचा कोंडा, फोडलेल्या वारुळातली वाळवी, सरोवरावर वाळवलेल्या उसिपा मासळीचा चुरा, एवढ्यावर ती भागवते.

एक नियम मात्र बायकांनी स्वतःच केला. पाहुण्या संघाला जेवणात न्सिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याबरोबर, कोंबडी द्यायची इथली रीत आहे. तर संघाची कोंबडी पाहुण्यांसाठी कापायची नाही, ज्याला मोठेपणा करायचा त्याने घरची कापावी. यावरून एका नवरोबांनी बरीच कुरकुर केली. करू दे.

आज संघाकडे स्वतःचे दोन चेंडू आहेत, छातीवर अक्षरं शिवलेल्या पट्ट्या आहेत, आणि निलगिरीच्या खांबांवर दहा फुटांवर बसवलेल्या कड्या आहेत. मटोलाचं भाडं पेटीतून जातं. घार अजून पिल्लं नेते, त्यावर तुमच्याकडेही इलाज नाही हे तुम्ही कबूल केलंय.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, विमानाचं तिकीटही नाकारलंत. म्हणून बायकांनी परस्पर ठरवून टाकलंय की येत्या नाताळच्या स्पर्धेचं नाणं उडवायचं ते तुमच्या हस्ते, व्हिडिओ कॉलवरून. इथले दुपारचे दोन म्हणजे तुमचे साडेपाच. चहा आधी उरकून घ्या आणि काकूंनाही शेजारी बसवा. कर्णधाराला त्यांच्याशी खुडूक कोंबडीबद्दल काहीतरी बोलायचंय.

सगळ्या संघाकडून झिकोमो क्वाम्बिरी, म्हणजे खूप खूप आभार.

तुमची,
न्खोटाकोटाची सूनबाई