रंग दिवाळीला, आधी भिंत सुकू दे

नौपाडा, ठाणे
श्रावण

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

"गणपती तोंडावर आलेत बाबा, उद्याच रंगारी बोलावते," असं काल तू म्हणालीस, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. रंगाऱ्याला आत्ता बोलावू नकोस. वरच्या मजल्याकडून तुझ्या खोलीच्या छतातून होणारी गळती थांबली असली तरी पाणी स्लॅबमध्ये आणि गिलाव्यात मुरलेलं आहे. त्यावर पुट्टी चढवलीस की ओल आत कोंडते, मग लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुलतो आणि पोपडे सुटतात. हे झालं वरवरचं. आत सळ्या गंजल्या की फुगतात आणि खालचा काँक्रीटचा थर ढकलून पाडतात. तुमची इमारत सिडकोच्या जुन्या बांधकामातली, त्यात खाडी जवळ. अशा छताची मला फार काळजी वाटते.

त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरपेटीतला वीज तोडणारा स्विच, खालीच ठेवला आहेस ना? फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांच्या जोडण्यांत पाणी शिरलेलं असतं. वायरमनने बघितल्याशिवाय पंखासुद्धा लावायचा नाही. पीओपी जिथे खाली फुगलाय तिथे अजून पाणी साचलं असणार. निखिलला बाजूला उभं राहून, खाली बादली ठेवून, लांब स्क्रू-ड्रायव्हरने तिथे भोक पाडायला सांग. नाहीतर सगळा तुकडा एकदम कोसळेल.

आता सुकवण्याचं. पावसाळ्यात खिडक्या सताड उघड्या ठेवून काही सुकत नाही, उलट बाहेरची दमट हवा आत येते. पाऊस असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवून बाजूच्या खोलीतल्या प्लगवरून टेबल फॅन लाव, आणि वायरिंग तपासून झालं की एसी ड्राय मोडवर. उघडीप मिळाली, ऊन पडलं, की मात्र सगळं उघड. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. त्याच्या मागेच आधी बुरशी धरते, तीही २४ ते ४८ तासांत. पार्टिकल बोर्डाची खालची फळी फुगली असेल तर ती परत बसत नाही, तिच्यावर खर्च करू नकोस. बुरशी पुसताना मास्क लाव. आणि ब्लीच वापरलंस तर त्यात टॉयलेट साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नकोस, क्लोरीन वायू तयार होतो. आपल्याकडे कामवाल्या बायका सर्रास दोन्ही एकत्र ओततात, त्यांनाही सांग.

भिंत सुकली का, हे हाताला कळत नाही. दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना टेप लावून भिंतीवर चिकटव. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब दिसले, तर अजून थांबायचं.

हे पाणी गटाराचं नव्हतं, हे आपलं नशीब. तसं असतं तर गादी टाकूनच दे म्हटलं असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली होती. तसल्या पाण्यात भिजलेलं सामान जपून ठेवायचं नसतं.

गळतीचं मूळ मात्र सापडलंच पाहिजे. वरच्या काकांनी प्लंबर आणून एक सांधा बदलला म्हणतेस, पण तोच दोषी होता हे कशावरून? नीट लक्ष ठेव. ठिबक दिवसरात्र असेल तर पाण्याची लाइन. त्यांच्या आंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं तोंड) किंवा फरशीखालचा कोबा. पावसाच्या सरीनंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत. शंका राहिली तर त्यांच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून, रंग कालवलेलं इंचभर पाणी २४ तास साठवून बघायचं. तुझ्याकडे रंगीत थेंब आला की वाद संपला.

खर्चाचं सोसायटीच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची त्या त्या सभासदाने. सेक्रेटरींना तोंडी सांगू नकोस, पत्र दे आणि पोच घे. काका-काकूंशी मात्र चढ्या आवाजात बोलू नकोस. दोघंच राहतात, त्यांच्या घरी पाणी गळताना दिसतही नव्हतं. पत्राआधी त्यांना एकदा आपल्या छताखाली उभं करून दाखव.

घराचा विमा आहे ना? भारत गृह रक्षा पॉलिसीत टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान धरलेलं असतं. कंपनीला लगेच कळव, आणि त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत काही फेकू नकोस. फोटो काढून ठेव.

आजीचा अल्बम भिजला ते ऐकून आई खूप हळहळली. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नकोस. स्वच्छ गार पाण्यात ठेव, आपसूक सुटतील, मग टॉवेलवर चित्र वर करून सावलीत वाळव. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. आत्ता वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवून दे, तिथे बुरशी धरत नाही.

गणपती या वर्षी हॉलच्या कोपऱ्यात बसवा. मखर ओल्या भिंतीला टेकवू नका आणि तिच्यावर पडदाही सोडू नका, हवा लागू दे. पाहुण्यांना डाग दिसला तर दिसला. रंग दिवाळीला देऊ, मी उभा राहून करून घेईन.

शनिवारी सकाळच्या ठाणे-नेरूळ लोकलने येतोय. स्लॅब ठोकून बघायला छोटी हातोडी आणतो. पोकळ आवाज आला तर इंजिनिअरला बोलावू. आईने मेतकूट आणि भाजणी बांधून ठेवली आहे. तोवर त्या खोलीत झोपू नका.

तुझा,
बाबा